खोडीच्या बैलाची गाठ

वाशी
३ मार्च २०२३

गोरोबाकाकांना मेहनाजचा सलाम.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, तुमच्या कानांनी संप केलाय. आणि तुमच्या नातवाच्या, कुमारच्या मोबाईलवर काही पाठवलं की तुमच्याआधी सगळी वस्ती वाचते. म्हणून अब्बांसारखं पत्रच लिहिते. अब्बा तुम्हाला पत्रं लिहायचे तेव्हा मी हसायचे. वाशीहून तासाभराच्या वाटेवर ईटला माणूस, आणि टपाल कसलं पाठवता, म्हणायचे. आता त्यांच्याच खुर्चीत बसून तेच करतेय.

काम असं आहे. माझी मान गेली. लग्नाचा कॅमेरा आणि त्याची लांब लेन्स दिवसभर गळ्यात असते. उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबतेय, गळ्यात काही अडकवू नका. मी म्हटलं, साहेब, मग नवरानवरीचे फोटो काय डोळ्यांनी काढू?

पट्टे चार झाले. कंपनीचा बोटभर रुंद, तो दोरीसारखा रुततो. दुसरा जाड, रबरी, उन्हात चिकटतो आणि ओढणीवरून घसरतो. तिसरा दोन्ही खांद्यांत घालायचा, तो घातल्यावर मुजीब म्हणाला, आपा, आता फक्त गाडी जुंपायची राहिली. चौथा कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसतो, पण चार पावलं चाललं की स्क्रू ढिला. मुजीबचं एकच पालुपद आहे, जड कॅमेरा मला दे, तू आत बसून मेंदीचे फोटो काढ. धाकटा भाऊ आहे म्हणून सोडलं. अब्बांनी हा कॅमेरा माझ्या हातात दिला होता, त्याच्या नाही.

तुम्ही बैलांच्या तोंडावरच्या मोरक्या करता, हाकायचे कासरे वळता. माझ्यासाठी एक पट्टा कराल का? ज्यानं माझं काम सुटणार नाही असा.

सखूकाकूंना सलाम.

तुमची
मेहनाज

---

ईट, धनगर वस्ती
११ मार्च

चि. मेहनाज पोरीला गोरोबाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टमननं आधी चहा पेला, मंग दिलं. तुझं अक्षर तुझ्या बापावानी, फिरोजवानीच हाय, उजवीकडं पळतंय.

पट्टा करतो. पन कॅमेरा किती वजनाचा, ते लिवलंच न्हाईस. बैल न बघता कुणी जू करतंय व्हय? आन् मानंला काय बांधायचं नस्तं पोरी, मान डोकं धरायला हाय. वझं खांद्यावर आन् कमरंवर घ्यावं.

आता एक कर. कॅमेऱ्याच्या वजनाची ज्वारी पिशवीत भर. खाटेच्या नवारीच्या पट्टीला ती पिशवी बांध आन् डाव्या खांद्यावरनं उजव्या कमरंवर आडवी टाक. सकाळी टाकली की दिवेलागणीला काढ. भाकऱ्या थाप, झाडलोट कर, जिना चढ. मंग बघ, खांद्यावर कुठं लाल झालंय, पिशवी कुठं यिऊन थांबती, चालताना ढोपराला लागती का. ते समदं लिवून पाठव. हसू नको. ज्या अंगावर वझं, त्या अंगाचंच माप लागतं.

सखू बरी हाय, पन खोकती.

गोरोबा

---

वाशी
२० मार्च

गोरोबाकाका,

हसले नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण केलं. अडीच किलो ज्वारी दिवसभर अंगावर वागवली. दुकानात एक बाई आधार कार्डाचा फोटो काढायला आली, ती म्हणाली, मॅडम, ज्वारी पण विकता का? भाव काय?

आता हिशेब. लाल झालं ते मानेपासून चार बोटं अलीकडे, खांद्याच्या हाडावर. नवार सकाळी बरी वाटली, दुपारी टोचायला लागली. पिशवी खाली आली की जिन्यावर गुडघ्याला आदळते. कमरेच्या हाडावर टेकली की सगळ्यात बरं, हात खाली सोडला की नेमका तिच्यावर येतो. तेवढ्यासाठी पट्टा तीन हात आणि चार बोटं लागेल. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा ओवायची जागा बारीक आहे, तिथं मी पोलादी कड्या बसवून घेतल्या आहेत. त्याच मापाच्या दोन कड्या तुमच्याकडे पाठवते.

चार दिवसांनी रोजे सुरू होतील. ईदनंतर लग्नांची गर्दी. तोवर होईल ना?

मेहनाज

---

ईट
१२ एप्रिल

चि. मेहनाजला आशीर्वाद.

पट्टा यष्टीच्या कंडक्टरजवळ दिलाय. घरात सखूला चार दिस ताप, तरी काल बसून पुरा केला.

वरनं नवार हाय. लोकर नुसती घेतली तर ती ताणती, आठ दिसांत कॅमेरा ढोपरावर यील. म्हणून वजन नवार धरती. खालनं जुन्या घोंगड्याची पट्टी शिवलीय, अंगाला ती लागंल. जुनं घोंगडं मऊ आस्तं, घाम पितं आन् कापडावरनं घसरत न्हाय. हे तेच घोंगडं, फिरोज आला की ज्याच्यावर बसायचा. खांद्यावर चार बोटं रुंद ठिवलंय, खाली निमुळतं.

आता नीट वाच. एक टोक कडीला शिवलंय, ते मेलं तरी सुटत न्हाय. दुसऱ्या टोकाला गाठ हाय, ती सुटती. मुद्दाम तशी मारलीय.

फिरोजच्या मानंवर वळ हुता, तुला ठावं आसंल. कॅमेऱ्यानं पडला म्हणून त्यानं सांगितलं आसंल. तसं न्हवं. यात्रंत त्याचा पट्टा जीपच्या दाराला आडकला आन् जीप निघाली. धा-बारा पावलं फरफटला. पट्टा गळ्यात, सुटंना. म्या पळत जाऊन विळ्यानं कापला. तवापासनं कुठल्याबी जिवाला म्या कायमची गाठ मारत न्हाय. गोठ्यात आग लागली तर दावं हिसक्यात सुटलं पायजे, तसंच हे.

पन काही बैल खोडीचे आस्तेत. गाठीचं शेपूट, म्हंजे मोकळं टोक, तोंडानं वढून मोकळे हुतेत. त्यांच्या गाठीचं शेपूट फाशातनं आत खोवायचं. खोवलं की किती बी वढू दे, सुटत न्हाय. सोडायची तर आधी दोन बोटांनी शेपूट बाहीर, मंग हिसका. तुझा कॅमेरा म्हंजे खोडीचा बैल समज. तसलीच गाठ मारलीय.

जिवावर बेतलं तरच सोड. सोडलीस तर बांधायला माझ्याकडं ये. हे लिवून कळत न्हाय, हाताला धरून शिकवाय लागतंय.

गोरोबा

---

वाशी
२७ एप्रिल

गोरोबाकाका, ईद मुबारक.

काय सांगू तुम्हाला! तीन लग्नं झाली आणि संध्याकाळी मला मान आहे हेच आठवलं नाही. बोटांच्या मुंग्याही कमी झाल्या. पट्टा जागचा हलत नाही, वाकले तरी कॅमेरा कमरेलाच. मुजीब काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही हवाय. हा पट्टा त्याला मिळणार नाही, सांगून ठेवते.

पार्सल उघडल्या उघडल्या मी पट्ट्याचेच फोटो काढले. आणि घोंगड्याला नाक लावून बसले बराच वेळ. जीपचं अब्बांनी कधीच सांगितलं नव्हतं.

गाठीला हात लावणार नाही, कसम. शिरखुर्मा घेऊन नेहमीसारखी येणार होते, पण रोज लग्न आहे. मेच्या शेवटी नक्की. काकूंचा ताप उतरला का?

तुमची खोडीची
मेहनाज

---

वाशी
१६ मे

गोरोबाकाकांना सलाम.

परवा रविवारी अणदूरला लग्न होतं. नवरी तुमच्या ईटची, बलभीमरावांची मोनिका. वऱ्हाडातून तुमच्या कानावर आलंच असेल, तरी मी कळवते.

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. मी स्टेजच्या पायऱ्यांवर होते. पट्ट्याची गाठ सुटली आणि कॅमेरा खाली फरशीवर पडला. लेन्स फुटली. अक्षता पडल्या, हार घातले, त्या वेळचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मुजीब तेव्हा जेवणाच्या मांडवात होता.

बलभीमराव सगळ्यांसमोर ओरडले, बाईमाणसाच्या हातात असलं जड काम दिलं की हेच होणार. मी सांगितलं, माझा हात सुटला नाही, गाठ सुटली. कुणाची गाठ, त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. काकूंना सलाम.

मेहनाज

---

ईट
२४ मे

चि. मेहनाज,

पत्र वाचलं. त्याआधीच बलभीम सांगून गेला हुता. कुमारनं त्याचं बोलणं लिवून दावलं.

पोरी, शेपूट म्या खोवलं का न्हाय, हेच मला आठवंना. डोळं मिटून हात चालवून बघतो, तर हात आपसूक खोवतोच. पन्नास वर्षांची सवय हाय. पन त्या दिशी सखू तापानं फणफणली हुती, माझं ध्यान तिच्याकडं. त्या दिशी खोवलं का, हे आता कोण सांगंल? साध्या बैलाची गाठ मारून तशीच तर पाठवली नसंल ना म्या?

तू पट्टा बघितलास तवा शेपूट आत हुतं का बाहीर? आठवून लिव. एवढी मेहरबानी कर. बाहीर आसंल तर तसं लिव, मला राग येनार न्हाय. पन कळू दे.

मोनिका माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. तिच्या लग्नाचा फोटू माझ्यापायी गेला. तुझ्या इतक्या वर्षांच्या कामाला बट्टा लागला. फिरोजला काय सांगू म्या?

गोरोबा

---

वाशी
२ जून

गोरोबाकाका,

शेपटाचं मला नीट आठवत नाही. बाहेर असेल कदाचित. तुम्ही तरी किती लक्षात ठेवणार, या वयात, घरात आजारपण असताना.

झालं ते झालं. लेन्स सोलापूरला दुरुस्तीला दिली आहे. मी तुम्हाला माफ केलं आहे, मनापासून. तुम्हीही मनात काही ठेवू नका.

पाऊस तोंडावर आला, दुकान गळतंय, त्यामुळे इतक्यात येणं जमणार नाही.

मेहनाज

---

ईट
२० सप्टेंबर

चि. मेहनाजला गोरोबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र यिऊन साडेतीन म्हैनं झालं, जबाब लिवला न्हाय. काय लिवावं सुचंना. तू मोठ्या मनाची, बापावर गेलीस. दुसरी आस्ती तर दारात यिऊन शिव्या घातल्या आस्त्या. तुझ्या पत्राची घडी करून देव्हाऱ्यात ठिवलीय.

परवाच्या पोळ्याला म्या कुणाला कासरा दिला न्हाय. मोरक्या बी केल्या न्हाईत. लोक आले हुते, त्यांचं काय न्हाय. बाजारात टगी पोरं म्हणतेत, गोरोबाची गाठ म्हंजे सुटलीच. म्हणू देत, मला कुठं ऐकू येतंय. पन माझाच माझ्या हातावर भरवसा न्हाय ऱ्हायला. कोकराला दावं बांधलं तरी सखूला हाक मारतो, जरा बघ ग शेपूट खोवलंय का. ती बघती.

आणखी एक. आमच्या वस्तीवरच्या खंडोबाची पालखी चंपाषष्ठीला निघती, ते तुला ठावं हाय. तू ल्हान आस्ताना फिरोजसंगं आलतीस. पालखी दांड्याला बांधायची ती माझ्या हातानं. चौतीस वर्षं झाली, माझ्या आधी आमचा बाप बांधायचा. यंदा पंचांत जाऊन म्याच सांगितलं, माझी गाठ नको. बलभीम म्हनला, आरं गोरोबा, एकदा चुकतंय माणूस. म्या म्हनलं, पालखी बी एकदाच पडती. आता बाजारातनं नायलॉनचे पट्टे आणनार हायेत.

यंदा शिरखुर्मा न्हाय आला. काम आसंल, मला समजतं. पन आलीस तर बरं वाटंल. माफ केलंस, तर तोंड दावायला काय हरकत हाय.

गोरोबा

---

वाशी
२५ नोव्हेंबर

गोरोबाकाका,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. तीन फाडली. त्या तिन्हींत मी पहिल्यांदा पावसाबद्दल लिहीत होते, मग दुकानाबद्दल, आणि मुद्द्याशी आले की पेन थांबत होतं. म्हणून आता आधी तेच लिहिते.

शेपूट आत होतं. गाठ तुमच्या हातची नव्हती. माझ्या हातची होती.

सोबत एक फोटो आहे. पार्सल उघडलं त्या दिवशी मी काढलेला. त्यात गाठ स्वच्छ दिसते, शेपूट फाशातून आत खोवलेलं. तुम्ही आठवून लिव म्हणालात ना, तेव्हा हा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तुमचं पत्र वाचून मी तो उघडला, मोठा करून बघितला, आणि बंद करून तुम्हाला 'आठवत नाही' असं लिहिलं.

कसम घेतली तेव्हा ती खरी होती. दहा-बारा दिवस मी गाठीला हात लावला नाही. मग एका लग्नात कॅमेरा स्टँडवर लावायचा होता, पट्टा मध्ये मध्ये येत होता. म्हटलं, दोन बोटांचं तर काम. शेपूट बाहेर काढलं, हिसका दिला, पट्टा मोकळा. इतकं सोपं होतं, काका, की मला त्याची चटकच लागली. नंतर बांधताना तुमच्या गाठीकडे बघून तशीच बांधायची. चार-पाच वेळा नीट जमली. मला वाटलं, आली की आपल्याला. तुमच्याकडे यायची काय गरज!

अणदूरला नवरीचा मामा घाई करत होता. मॅडम, चला, मुहूर्त टळतोय. मी स्टँडवरून कॅमेरा काढला आणि चालता चालता गाठ मारली. शेपूट खोवलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं की खोवलं नाही. बोटांना कळतं. म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न, अक्षता झाल्या की खोवू. पायरी उतरताना नवरीच्या बहिणीच्या बांगडीत शेपूट अडकलं आणि ती पुढे गेली.

बलभीमराव ओरडले तेव्हा मांडव सगळा माझ्याकडे बघत होता. मुजीब धावत आला होता, त्याच्या तोंडावर मी तेच वाचलं, जे तो गेली सहा वर्षं बोलतोय. माझ्या तोंडातून तुमचं नाव गेलं. आधी ठरवून नाही गेलं. पण परत घ्यायला सहा महिने होते माझ्याकडे, आणि मी घेतलं नाही. उलट कागद घेऊन बसले आणि तुम्हाला माफ केलं. माझ्या चुकीसाठी तुम्हाला माफ केलं! ते पत्र तुम्ही देवापाशी ठेवलंत. सप्टेंबरपासून जेवायला बसले की मला ती घडी दिसते.

पालखी तुम्ही सोडू नका. मी चंपाषष्ठीला येते आणि सगळ्यांसमोर सांगते. मला शिव्या द्या, मारा, तुमचा हक्क आहे. अब्बा असते तर त्यांनी मला आधीच ओढत आणलं असतं.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

मेहनाज

---

ईट
३ डिसेंबर

मेहनाज,

फोटू पावला. गाठ माझी हाय. बघितल्या बघितल्या वळखली.

बाप्या माणसाच्या बोलण्याला भ्यालीस. भ्यावं लागतं, मला ठावं हाय. फिरोज मला म्हनला हुता, पोरीच्या हातात कॅमेरा दिलाय, लोक तिचं हात बघत बसतील, गोरोबा. म्हणून नाव घेतलंस. घेतलंस तर घेतलंस. कॅमेरा पडला, ल्येन्स फुटली, त्याचं बी काय न्हाय. वस्तू हाय, फुटती.

पन मला माफ कशापायी केलंस?

साडेसहा म्हैनं म्या माझ्या हाताकडं बघत बसलो. भाकर मोडताना वाटायचं, ह्या हाताचा काय नेम. सखूला म्हणायचो, बघ ग. तू माफ केलंस म्हणून म्या तुला हात जोडायचो. तुझी घडी देव्हाऱ्यातनं काढली. चुलीत घालत हुतो, सखूनं हात धरला. म्हनली, ऱ्हाऊ द्या, पोरगी हाय. मला न्हाय वाटली तवा तू पोर.

येऊ नको. आलीस तर म्या बोलनार न्हाय.

गोरोबा

---

वाशी
२० डिसेंबर

गोरोबाकाकांना मेहनाजचा सलाम.

येऊ नको म्हणालात तरी मी परवा आले. तुम्ही बोलणार नाही म्हणालात, आणि बोलला नाहीत. तुमचा शब्द तुम्ही पाळला. मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नसणार. चौथऱ्यावर बसून तुम्ही नुसती माझ्या ओठांची हालचाल बघत होतात. म्हणून इथं लिहिते, जसंच्या तसं. नंतर कुणी वेगळं सांगितलं तर हे खरं.

पालखी बाहेर काढली होती, दांडा बाजूला होता, नायलॉनचे पट्टे नवेकोरे. मी बलभीमरावांना म्हटलं, थांबा, मला बोलायचंय. ते म्हणाले, फोटोचं का? नंतर बघू. मी म्हटलं, गाठीचं.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मोनिकाच्या लग्नात कॅमेरा पडला, ती गाठ गोरोबाकाकांची नव्हती. त्यांनी मारलेली गाठ मी सोडली होती, त्यांनी नको म्हटलं असताना. परत मी बांधली, अर्धवट. मला माहीत होतं अर्धवट आहे. मग तुमच्यासमोर त्यांचं नाव घेतलं. ते खोटं होतं."

मग बलभीमराव म्हणाले, "म्हंजे बाईमाणसाच्याच हातनं पडला की. म्या तवा काय म्हनलो हुतो?"

काका, सात महिने मी ज्या वाक्याला घाबरत होते ते हेच. मी म्हटलं, "बाईमाणसाच्या हातून नाही, बलभीमराव. मेहनाजच्या हातून पडला. बाकीच्या बायांना यात ओढू नका."

मागे एक म्हातारी हसली. बहुतेक सखूकाकूच.

मी म्हटलं, फोटो दाखवते, मोबाईलमध्ये आहे. बलभीमराव म्हणाले, "ठेव तो फोटू. गोरोबाची गाठ कशी आस्ती, ते आमाला नको दावू." पण मला एक कळलं. छापलेला फोटो तुमच्याकडे पंधरा दिवसांहून जास्त होता. तुम्ही तो कुणालाच दाखवला नव्हता. बलभीमरावांना काहीच माहीत नव्हतं. याचा मी घरी येईपर्यंत विचार केला, आणि माझी मान वर होईना.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बलभीमराव तुमच्या कानाशी वाकून ओरडले, नायलॉनचे पट्टे बाजूला टाकले आणि जुनी सुताची दोरी तुमच्यासमोर आणून ठेवली. तुम्ही दोरीकडे कितीतरी वेळ बघत बसलात. तेव्हा मला वाटलं, उठत नाहीत. सखूकाकूंनी तुमच्या खांद्याला हात लावला, मग उठलात. चारी गाठी मारल्यात. प्रत्येक शेपूट खोवल्यावर अंगठ्यानं दोनदा दाबलंत. पालखी उठली, भंडारा उधळला, आणि मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही.

तुम्ही जाता जाता माझ्यासमोर थांबलात. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या कमरेजवळच्या गाठीचं शेपूट धरून जोरात हिसका दिलात, असा की मी अर्धं पाऊल पुढे आले. आणि निघून गेलात.

ती गाठ मी मारलेली होती. पत्र टाकल्यापासून रोज खाटेच्या पायाला बांधून बघत होते. पट्ट्यावर भंडारा पडलाय, तो मी झटकलेला नाही.

जबाब नाही दिलात तरी चालेल.

मेहनाज

---

(पोस्टकार्ड)

ईट
१ जानेवारी २०२४

चि. मेहनाज,

हिसका दिला तवा गाठ सुटली न्हाय. बघितली म्या.

माफ केलं आसं लिवत न्हाय. त्या शब्दाची मला धास्ती बसलीय. पुन्यांदा कधी लिवीन ठावं न्हाय.

संक्रांतीला ये. सखू धपाटी करनार हाय. पट्टा घिऊन ये, घाम पिऊन घोंगडं ताठ झालं आसंल, धुवून देतो. भंडारा ऱ्हाऊ देतो. आन् गाठ तू मारलीस ती बरी हाय, पन फास उलटा घालतीस. हाताला धरून दावतो.

गोरोबा